मागच्या पडवीतली बाई

पोलादपूरच्या नाक्यावरून बस सुटली तेव्हा तिच्या सगळ्या खिडक्यांना आतून काळं कापड लावलेलं होतं. घर कुठे आहे ते आत जाणाऱ्यांना कळता कामा नये, असा कार्यक्रमाचा नियम. आनंदीबाई डोळे मिटून बसल्या आणि कानांनी रस्ता बघू लागल्या. नदीच्या पुलावर चाकांचा आवाज बदलतो. तो एकदा बदलला आणि वीसेक मिनिटांनी पुन्हा बदलला.

"नुसती फिरवतायत गो," त्या शेजारच्या मुलीला हळूच म्हणाल्या. "लांब काय नेत नायत."

मुलगी हसली. "मला पण तेच वाटलं, मावशी. ड्रायव्हरने तोच खड्डा दोनदा चुकवला."

ती नौशीन. महाडात शाळेची व्हॅन चालवायची आणि पोरांना सोडून झाल्यावर व्हॅनमध्येच बसून व्हिडिओ करायची. रिक्षावाले, ट्रकवाले, एसटीचे कंडक्टर, सगळ्यांच्या नकला. आनंदीबाईंचं नावही मोबाइलमुळेच झालं होतं. उमरठच्या घरी चुलीपुढे बसून त्या शेवळाची भाजी करायच्या, कुळथाचं पिठलं करायच्या, आणि मुलगा यशराज ते टिपायचा. त्यावरून मुंबईच्या एका चॅनेलने त्यांना एकसष्टाव्या वर्षी बोलावणं धाडलं. कार्यक्रमाचं नाव 'एकाच चुलीवर'. आठ अनोळखी माणसं, एक घर, चाळीस दिवस. भिंतीभिंतीवर कॅमेरे. दर आठवड्याला एकाने बाहेर पडायचं.

घर म्हणजे उतारावरचं कुणाचं तरी फार्महाऊस होतं. काचांना काळा कागद, घड्याळ कुठेच नाही. छतातल्या स्पीकरमधून एक आवाज कामं सांगायचा, भांडणं लावायचा, शिक्षा करायचा. त्याला सगळे 'मालक' म्हणत. मागच्या बाजूला एक पडवी होती. तिला तिन्ही बाजूंनी हिरवी जाळी ठोकलेली, बाहेर पडायला दार नाही. जाळीतून श्रावणातलं धुकं आत यायचं आणि लाद्या ओल्या करून जायचं.

पहिले दोन आठवडे आनंदीबाई आणि नौशीन मायलेकींसारख्या राहिल्या. नौशीनची आई लहानपणीच गेलेली, वडील युसुफ बरीच वर्षं कुवेतला. आयत्या मावशीला ती बिलगली. आनंदीबाईंनाही ती पोर आवडली. कपडे धुवायच्या मोरीत माइक काढून ठेवायची परवानगी होती. तिथे, नळाच्या धारेआड, आनंदीबाईंनी तिला एक गोष्ट सांगितली. ती त्यांनी यशराजलाही कधी सांगितली नव्हती.

त्यांची थोरली बहीण तारा कापडे गावात दिलेली. दोघी इतक्या सारख्या दिसायच्या की बाजारात माणसं एकीची विचारपूस दुसरीजवळ करायची. आई शेवटच्या दिवसांत ताराकडे होती आणि तिथेच गेली. निरोप उशिरा आला. आनंदीबाई पोचल्या तेव्हा चिता विझत आली होती. तिथेच, सगळ्यांच्या देखत, त्या ताराला नाही नाही ते बोलल्या, आणि पुढे अकरा वर्षं तिच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मग तारा आजारी पडली. तिचा मुलगा दत्ताराम तीनदा बोलवायला आला. आनंदीबाई गेल्या नाहीत. शेवटी तारा गेल्याचा निरोप आला. पाठीला भाऊ नव्हता, तेव्हा चितेवर घालायचं माहेरचं लुगडं बहिणीनेच न्यायचं. तेही त्या तिसऱ्या दिवशी घेऊन गेल्या. दत्तारामने ते हातातही घेतलं नाही.

"मग काय केलंत?" नौशीनने विचारलं होतं.

"नदीवर गेले. तिला नेली होती तिथं, धोंड्यावर ठेवलं न् मागं फिरले. जांभळं होतं गो. तिला जांभळा रंग लय आवडायचा."

तिसऱ्या आठवड्यात मालकाने सगळ्यांना गोल बसवलं आणि कुणाला घराबाहेर काढायचं त्याची नावं मागितली. आनंदीबाईंनी, काही वाकडं मनात न ठेवता, नौशीनचं नाव घेतलं. सकाळची भांडी तशीच पडतात, सांगूनही पोर उठत नाही, असं कारण दिलं. घरातल्या पोरीला रागवावं तसंच त्या बोलल्या. पण नौशीनचा चेहरा उतरला. तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, "मरणाऱ्या बहिणीने तीनदा बोलावलं तरी ह्या गेल्या नाहीत. तिचं माहेरचं लुगडंसुद्धा तिसऱ्या दिवशी नेलं. आणि ह्या मला भांडी शिकवणार?"

कुणी हललं नाही. कतारहून परत आलेला राहील, जो एरवी जेवतानाही विनोद करायचा, तोही खाली बघत राहिला. आनंदीबाई उठल्या, पदर सारखा केला आणि आत जाऊन पलंगावर पडल्या. आता हे उमरठात दिसणार, पोलादपुरात दिसणार. कापड्यात दत्ताराम बघणार.

त्या दिवसापासून त्यांनी नौशीनशी बोलणं टाकलं. तिने पाया पडून माफी मागितली, तेव्हा त्यांनी पाय आखडून घेतले. तिने वाढलेलं ताट त्या बाजूला सारायच्या. चार दिवस असेच गेले. नौशीन खायचीही बंद झाली. राहील एकदा म्हणाला, "चाची, मरेल ती पोरगी." आनंदीबाई म्हणाल्या, "मरूदे." म्हटल्याबरोबर त्यांच्याच अंगावर काटा आला, पण शब्द परत घेतला नाही.

पाचव्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर त्यांचं डोकं जड झालं आणि त्या आडव्या झाल्या. गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा घरात कुणीतरी गाणं गुणगुणत होतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या. ओट्याशी नौशीन उभी होती, चहाचं आधण ठेवत होती. केस चापूनचोपून विंचरलेले, कपाळावर तेलाची चमक. आनंदीबाईंना बघून ती मोकळं हसली.

"उठलात? आल्याचा करते हां, मावशी."

आनंदीबाईंनी तोंड फिरवलं. तिचं हसू विरलं. "काय झालं? आता का परत?"

"परत म्हंजी काय?"

"मघाशी तर..." तेवढ्यात राहील दारातून आत आला आणि म्हणाला, "चाची, बरं केलंत. मी लांबून बघितलं, मुद्दाम आलो नाही. म्हटलं, दोघींना बसू दे."

"काय बघितलंस?"

"तुम्ही पडवीत हिच्या डोक्याला तेल लावत होतात ते."

आनंदीबाईंना आधी वाटलं, ही मालकाची नवी खेळी. दोघांना फितवून आपल्याला वेडी ठरवायची. त्या तरातरा माजघरात गेल्या. एकेकट्याने मालकाशी बोलायची ती खोली. आत एक खुर्ची आणि समोर एक कॅमेरा.

"माझ्या नावानं खोटं सांगतायत," त्या म्हणाल्या. "मी झोपले होते. तुमच्याकडं सगळं दिसतं ना? दाखवा त्या पोरीला तिचं खोटं."

"जरूर दाखवू, आनंदीबाई," मालक म्हणाला. आवाजातून कळत होतं की गडी खूष झाला आहे. खोटं बोलणारी मुलगी कॅमेऱ्यात पकडायची, याहून चांगलं काय? "दोन मिनिटं थांबा."

दोन मिनिटं झाली. मग किती झाली ते कळायला मार्ग नव्हता. स्पीकर चालू होता. त्यातून आधी खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, मग कुणीतरी म्हणालं, "परत लाव." मग काहीच नाही.

शेवटी मागचं छोटं दार उघडलं. बाहेरच्या माणसांनी आत यायचं नाही असा नियम होता, तरी अंकिता आत आली. एरवी दारातूनच माइकची बॅटरी बदलून देणारी, एका शब्दानेही न बोलणारी पोरगी. तिच्या हातात लॅपटॉप होता.

"आजी, तुम्हीच बघा," ती म्हणाली. "आम्हाला कळत नाहीये."

पडद्याचे दोन भाग केले होते. डावीकडे झोपायची खोली. पलंगावर आनंदीबाई, कुशीवर वळलेल्या, तोंड किंचित उघडं. उजवीकडे पडवी. नौशीन एकटी पायरीवर बसलेली. दोन्हीकडे खाली वेळ एकच होती, दोन वाजून चाळीस मिनिटं. नौशीनने गुडघ्यांत तोंड घातलं. तिची पाठ हलत होती. मागे हिरवी जाळी, जाळीपलीकडे धुकं. मग नौशीनने डोकं वर उचललं, आणि तिच्या मागे, वरच्या पायरीवर, आनंदीबाई बसलेल्या होत्या.

"मधलं काही कापलेलं नाही," अंकिता कुजबुजली. "वीस वेळा बघितलं. त्या आल्याच नाहीत. एकदम आहेतच."

पडद्यावरच्या बाईने हातातल्या वाटीत बोटं बुडवली आणि नौशीनचे केस मोकळे केले. सावकाश, घाई नसल्यासारखं. डावीकडे पलंगावर आनंदीबाईंनी झोपेतच कूस बदलली.

"आवाज?" आनंदीबाईंनी विचारलं. स्वतःचा आवाज त्यांना ओळखू आला नाही.

"फक्त नौशीनचा येतोय. त्यांचा नाही. माइकच नाहीये त्यांच्या अंगावर." अंकिताने पडद्यावर बोट ठेवलं. "आजी, तुमची बॅग आम्ही तपासली. असलं जांभळं लुगडं तुमच्याकडे नाहीये ना?"

आनंदीबाई पडद्याजवळ वाकल्या. लुगडं कोऱ्या घडीचं होतं. काठाशी, जिथे ते धोंड्यावर ठेवलं होतं, तिथे ओल चढल्यासारखा काळपट डाग होता. बाईने मान जरा वर केली. तेच कपाळ, तीच हनुवटी. पण आरशात रोज बघितलेला चेहरा ओळखायला माणूस चुकत नाही, आणि बहिणीचाही चुकत नाही. आनंदीबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"बंद कर पोरी," त्या म्हणाल्या.

बाहेर आल्या तेव्हा घरातली माणसं स्वयंपाकघरात गोळा झाली होती. माजघरात काहीतरी झालंय एवढं त्यांना कळलं होतं. आनंदीबाई कुणाशी न बोलता नौशीनकडे गेल्या, तिचा दंड धरला आणि तिला मोरीत घेऊन आल्या. दोघींचे माइक खुंटीला लावले. नळ सोडला.

"घाबरू नको," त्या म्हणाल्या. "मला एक सांग. मी तुला काय काय बोलले पडवीत?"

नौशीन त्यांच्याकडे बघत राहिली. ही थट्टा नाही हे तिला दिसत होतं. "तुम्हाला आठवत नाही?"

"तू सांग."

"तुम्ही मला..." ती अडखळली. "तुम्ही मला आंदू म्हणत होतात. आंदू, रडू नको, असं. मला वाटलं लाडाने म्हणताय."

आंदू म्हणणारी माणसं जगात दोनच होती, आई आणि तारा.

"अजून?"

"म्हणालात, आंदू, तू आलीस ना, मग झालं. उशीर झाला म्हणून काय झालं. मी म्हटलं, मावशी, माझं चुकलं, मी बोलायला नको होतं. तर म्हणालात, मी पन चुकले, मी निरोप लवकर धाडायला हवा होता. मला काही कळलं नाही, निरोप तर तुम्हालाच उशिरा मिळाला होता ना? मग म्हणालात, तुला आईचं तोंड बघायला मिळालं नाय." नौशीनचे ओठ पांढरे पडले होते. "मावशी, तुमचे हात खूप गार होते. मला वाटलं, धुक्यामुळे."

पाणी वाहत होतं. मग आनंदीबाईंनी सगळं सांगितलं: लॅपटॉप, दोन कॅमेरे, एकच वेळ, जांभळं लुगडं. नौशीन ओरडली नाही. तिने फक्त दोन्ही हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवले, आणि तेलाने चिकट झालेले तळवे बघत बसली. तिचे दात वाजायला लागले तेव्हा आनंदीबाईंनी तिला जवळ ओढलं.

"तुझ्याशी काय वैर नाय तिचं. ती मला शोधत आली होती. मी झोपले होते, न् तू रडत होतीस. तिला वाटलं, मीच."

"पण मी तुमचं ते सगळ्यांसमोर बोलले."

"बोललीस. खरं ते बोललीस. मी चार दिवस तुला तेच केलं जे तिला अकरा वर्षं केलं." त्यांनी तिची हनुवटी वर केली. "मरूदे म्हटलं मी तुला. ते मागं घेते. ऐकलंस? मागं घेते."

नौशीनने मान हलवली आणि त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून रडली. आनंदीबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. बोटांना तेल लागलं. त्यांनी बोटं नाकाशी नेली. खोबरेल होतं, त्यात माका उकळलेला. असं तेल त्या घरात कुणाकडेच नव्हतं.

संध्याकाळच्या आतच मालकाचा आवाज आला. तो पूर्वीसारखाच गोड होता, फक्त जरा भरभर बोलत होता. दुपारचं चित्रण तांत्रिक कारणाने वापरता येत नाही, म्हणाला. तेव्हा आनंदीबाई आणि नौशीन यांनी आत्ता पडवीत जाऊन बसावं, आनंदीबाईंनी तिच्या डोक्याला तेल लावावं आणि दोघींनी मनातलं बोलून घ्यावं. तेलाची वाटी कोठीघरात ठेवली आहे.

"नाय," आनंदीबाई छताकडे बघून म्हणाल्या.

"आनंदीबाई, हा आदेश आहे. लाखो लोकांना तुमचं मनोमीलन बघायचंय."

"आमचं झालं. मोरीत झालं. त्या जागी बसून मी सोंग करनार नाय. तिथं कोन बसून गेलं ते तुम्ही पन बघितलंत."

वरचा स्पीकर खट्कन बंद झाला. राहीलने विचारलं, "कोण बसून गेलं?" त्याने नौशीनच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मग पडवीचं दार हळूच ओढून कडी घातली.

आदेश मोडला म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदीबाईंना बाहेर काढलं. नौशीन स्वतःहून त्यांच्याबरोबर निघाली. चाळीस दिवस पुरे करायची तिची हिंमत राहिली नव्हती. अंकिता फाटकापर्यंत पोचवायला आली. जाताना म्हणाली, "आजी, ते सगळं चित्रण पुसून टाकलं. वरून फोन आला." मग जरा थांबून म्हणाली, "पडवीच्या कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर आता एकटं कुणी बसत नाही. दोघादोघांची पाळीच लावलीय आम्ही."

बाहेर एक साधी गाडी उभी होती, काचांना कापड नव्हतं. धुकं उतारावरून सरकत होतं. पहिल्याच वळणावर ते फाटलं आणि खाली भातखाचरं दिसली, त्यांच्या मधून गेलेला ओढा, आणि ओढ्याच्या अलीकडे निळा पत्रा घातलेलं एक घर. आनंदीबाईंनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबव. हे कापडे हाय."

इतके दिवस त्या ताराच्या घराच्या वरच्या अंगालाच राहत होत्या. पडवीच्या जाळीतून दगड टाकला असता तर तिच्या खाचरात पडला असता.

त्या उतरल्या. नौशीनही उतरली. बांधावरून जाताना दोघी एकमेकींचा हात धरून चालल्या. दत्ताराम अंगणात बैलांसाठी गवताचे भारे सोडत होता. मावशीला बघून तो उभा राहिला, पण पुढे आला नाही. त्याने टीव्हीवर बघितलं होतं, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

"आई शेवटपर्यंत दाराकडं बघत होती," तो म्हणाला. दुसरं काहीच नाही.

"ठाव हाय," आनंदीबाई म्हणाल्या. "मी तुझ्याकडं काय मागायला नाय आले. सांगायला आले." आणि अंगणात उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. मधेच राहिलेलं नौशीनने भरलं. दत्तारामची बायको दारात येऊन ऐकत होती. तिने पदराने तोंड झाकलं होतं.

दत्ताराम ऐकत असताना हातातली गवताची पेंढी मोडत राहिला. मग तो चाळिशीचा माणूस लहान पोरासारखा म्हणाला, "मग माझ्याकडं का नाय आली?"

त्याने हातातली पेंढी खाली टाकली.

"मी तिचं सगळं केलं मावशी. हातानं भरवलं. दीड वर्ष झालं जाऊन. एकदा सपनात पन नाय आली. घर इथं खाली, न् ती वर त्या घरात गेली." "तू तर आली पन नव्हतीस."

काहीतरी समजुतीचं बोलावं असं आनंदीबाईंना वाटलं, पण जे माहीत नाही ते कसं सांगणार? त्या खाली दगडावर बसल्या. दत्तारामने बस म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. त्याने फक्त त्यांच्या पायांशी पडलेलं ओलं गवत बाजूला केलं आणि थोड्या अंतरावर स्वतःही उकिडवा बसला.

"कशी दिसत होती?" त्याने विचारलं. "जाताना नुसती हाडं राहिली होती."

"नाय रे. भरलेली होती. पयल्यासारखी."

त्याने नौशीनकडे बघितलं. ती काही क्षण घुटमळली, मग पुढे येऊन त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"विचारा," ती म्हणाली. "मला जेवढं आठवतंय तेवढं सगळं सांगते."